एका कडीचं घंगाळ

नाही, तुम्ही मले सांगा, जमीन सारवली म्हनून कोनी दंड कापते का? कापते का हो? नाही सारवली तं म्हनन, घर उखडलं! सारवली तं म्हनते, लय सारवली! आता भाडेकरूनं राहावं कसं, अधांतरी?

म्हंजे झालं असं... आमचा पुंजाजी. मोताळ्याचा. मलकापुरात एका जिनिंग कारखान्यात कापसाच्या वजनकाट्यावर कामाले होता. देवमाणूस! देवमाणूस म्हंजे काय, तं ज्याले कोनालेच 'नाही' म्हनता येत नाही, असा. त्यानं वामनरावाची खोली घेतली भाड्यानं, अन् वामनराव म्हने अनामत पाहिजे. पुंजाजीजवळ रोकड कुठची? तं बाप्पा, त्यानं बायकोचं, अंबूबाईचं, माहेरचं तांब्याचं घंगाळ नेऊन ठेवलं! हे एवढं मोठं, दोन्हीकून जाड जाड कड्या, पानी पडलं की आवाज तिसऱ्या घरी जाये. अन् सासऱ्याले, रंगरावले, याची खबर नाही. सांगन कोन? बापानं पोरीले देल्लेलं घंगाळ जावयानं घरमालकाकडं अडकवलं, हे रंगरावच्या कानावर गेलं असतं तं त्यानं पोरीसंगं जावयालेही गाडीत घालून नेलं असतं. पन वामनराव कसा गोड बोलला, "भेता काऊन, पुंजाजी? खोली सोडा, घंगाळ न्या. घंगाळ कुठी पळून चाललं?"

बरं, दिवस गेले. पुंजाजीनं मोताळ्यात दोन खोल्यांचं घर बांधलं, पोरीचं, कोकिळाचं, लगन जुळलं, अन् रंगरावचा सांगावा आला, "नातीची हळद माह्याच घंगाळातल्या पान्यानं उतरली पाहिजे. अंबूची त्याच्यातच उतरली होती." झालं! पुंजाजीनं बैलगाडी जुपली अन् गेला मलकापूरले, खोली ताब्यात द्याले अन् घंगाळ सोडवाले.

वामनराव खोलीत असा फिरला, असा फिरला, जसा चोराचा माग काढून राह्यला! "हे काय हो?"

"खुंटी हाय जी."

"माह्या भिंतीत?"

मंग काय हवेत ठोकन? पन पुंजाजी असं बोलन कसा, देवमाणूस ना!

"अन् हे आढं? काळंभोर केलं!"

"चुलीचा धूर..."

"आमच्या घरी का चूल नाही पेटत? आमचा धूर भायेर जाते!" आता याचा धूर काय चपला घालून दारातून जाये का हो? मंग त्यानं दार ओढलं. दार जमिनीले घासलं. अन् वामनरावानं कपाळाले हात लावला, "पुंजाजी, अरे काय केलं हे! तुह्या बायकोनं सारवू सारवू माही जमीन वर आनली! खोलीची उंची कमी झाली ना बाप्पा!"

तुमाले सांगतो, शेन अंबूबाईचं, हात अंबूबाईचे, कंबर मोडली तिची, अन् जमीन उचलली म्हनून गुन्हेगारही तीच! पुंजाजीनं हिंमत केली, म्हने, "वामनराव, काही कायदा..."

"कायदा तिकडं नागपुरात करतेत, पुंजाजी. या खोलीत मी हावो."

बरं, कापन तं कापन काय? रोकड असती तं चार आने कापले असते. घंगाळाच्या का फोडी करते? तं त्या मानसानं छन्नी आनली, हातोडी आनली, अन् पुंजाजीच्या डोयादेखत घंगाळाची एक कडी तोडून कोनाड्यात ठेवली! "ही धुराची अन् खुंटीची. जमिनीचं बाकी हाय. सुतार येईन, दार रंधून देईन, त्याचं काय होते ते पाहू, मंग न्या. घंगाळ कुठी पळून चाललं?"

गेला पुंजाजी रिकामा घरी. पुन्यांदा आला, तं वामनराव बाजारात. पुन्यांदा आला, तं वामनराव झोपले. पुन्यांदा आला, तं सुतार यायचाच हाय! बैलाइले तं इतकी सवय झाली की ते कासरा न ओढताच वामनरावाच्या दारात जाऊन उभे राहात. घरी अंबूबाई भांडली असती तं पुंजाजीनं सोसलं असतं हो, पन ती भांडली नाही. भिंतीकडं तोंड करून रडली. म्हने, "बाबाले काय सांगू मी?" पुंजाजीचा जीव तुटला.

अन् एवढं होऊन या भल्या मानसानं काय करावं? वामनरावाले लगनाच्या अक्षता देऊन आला! मी म्हनलं, काऊन बे? तं म्हने, "इतके वर्सं एका अंगनात राह्यलो, नाही बोलावलं तं बरं नाही दिसत." घ्या!

मांडवाचा दिवस उजाडला. रंगराव खाटेवर बसेल होता, मिशीले पीळ. "घंगाळ काढा." पुंजाजी इकडं पाहे, तिकडं पाहे... अन् तेवढ्यात वेशीकून वामनराव! मांगं बायको रुक्मिनीबाई, अन् गड्याच्या डोक्यावर, चिंचेनं घासेल, लखलखीत, घंगाळ! पुंजाजीच्या डोयात पानीच आलं. म्हने, देव पावला, वामनराव मानूस हाय रे!

मानूस हाय? ऐका. आपल्याकडं मांडवात आहेराचा पुकारा होते ना मोठ्यानं, तसा पुकारा झाला, "वामनरावाकून, पुंजाजीच्या घराले, तांब्याचंऽऽ घंगाळ!" अन् घंगाळाच्या पोटावर ताजं कोरेल होतं, 'वामनराव यांजकडून सप्रेम भेट'!

बाप्पा बाप्पा बाप्पा! आता पुंजाजी बोलन काय? 'हे माहंच हाय, अनामत ठेवलं होतं'? सासऱ्यासमोर? भरल्या मांडवात? त्यानं हात जोडले. वामनरावानं त्याच्या पाठीवर थाप मारली.

रंगराव उठला. घंगाळाभवती फिरला. बोटानं वाजवलं. "आवाज तं माह्याच घंगाळाचा हाय." मंग त्यानं कडीले हात घातला. "पन माह्याले दोन कड्या होत्या. याले एकच. म्हंजे हे दुसरं. मंग माहं कुठी हाय?"

अंबूबाईची पापनी हालली नाही. "तांबटाकडं हाय बाबा, डाग द्याले."

"असं? मंग उतरवा याच्यातच हळद. माहं कुठी पळून चाललं?"

हळद उतरली. पान्याचा तोच ठनठन आवाज झाला अन् अंबूबाईनं पदर डोयाले लावला. चला, म्हनलं, सुटलो! सुटतो कुठचा? जाता जाता रुक्मिनीबाई म्हनते, "आमच्याबी पोरीचं हाय हो औंदा. याल ना?"

पुंजाजीच्या आंधी सासराच बोलला, "येईन म्हंजे? जावई, तांब्याचा आहेर तांब्यानंच फिटते. एवढंच जड घंगाळ न्या. अन् दोन कड्यांचं न्या, आपल्या घराची रीत लंगडी नाही."

दोन कड्यांचं! अन् दुसरी कडी कुठी, तं वामनरावाच्या कोनाड्यात!

पाहुने गेले. दिवेलागनीले अंबूबाई अंगनात चिंच अन् राख घेऊन घंगाळ घासत बसली, वामनरावाचं नाव कोरेल होतं तिथंच, चांगली दाबून दाबून. पुंजाजी ओट्यावरून पाहून राह्यला होता. मंग हळूच म्हने, "जपून घास वो. पोचा पडला तं वामनराव कापून घेईन."