सगळे सांगतायत, तरी महाराज निघाले

...आणि घोडा! अहो, घोडासुद्धा सांगतोय त्याला! म्हणजे घोडा काही रंगमंचावर येत नाही, घोडा परवडतोय कुणाला? एक पहारेकरी धावत येतो आणि म्हणतो, 'महाराज, घोडा उंबऱ्यापाशी अडून बसलाय, डोळ्यांतून पाणी काढतोय!' या जुन्या शोकांतिकांमध्ये महत्त्वाचं सगळं बाहेरच घडतं आणि कुणीतरी धापा टाकत आत येऊन सांगतं, अशी रीतच आहे म्हणे. त्याआधी आंधळी म्हातारी सांगून गेली, 'आज सभेत जाऊ नकोस.' महाराणीला वाईट स्वप्न पडलं, तिने तर पायच धरले. आणि हा महाराज म्हणतो काय? 'भीतीला माझ्या घरचा पत्ता माहीत नाही!' अरे बाबा, सगळे सांगतायत तर ऐक ना! एक दिवस घरी बस! कणकण आहे म्हणून सांग!

हा महाराज म्हणजे मीच हं. तुम्हाला सांगतो, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, मला नाटकातलं काय कळतंय? पण आमच्या हौशी मंडळाचे मास्तर एकदा लिफ्टमध्ये अडकले. मी बाहेरून ओरडलो, 'घाबरू नका, मी आहे!' तर आतून म्हणतात, 'काय आवाज लागलाय! आमचे महाराज व्हाल का?' आता अडकलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

पण मला तो महाराज पटेचना. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की घंटा वाजते, दार मिटत नाही, कुणीतरी मुकाट्याने बाहेर पडतं. इथे घंटांवर घंटा वाजतायत आणि हा आपला आत! मी म्हटलं, 'मास्तर, हा बिनडोक माणूस राज्य चालवायचा कसा?' मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला. 'अहो, तो गेला नाही तर नाटक होणार कसं? तो मरणार हे तिकीट काढतानाच लोकांना माहीत असतं. जाहिरातीवर प्रेतच छापलंय तुमचं! तो मरतो का, हे बघायला लोक येत नाहीत. आज तरी ऐकतो का, ते बघायला येतात.' घ्या! माहीत आहे तर आशा कसली करायची?

आणि मरणं म्हणजे काय साधं? सगळे मंत्री सुऱ्या काढतात, जिवलग मित्र पहिला वार करतो, आणि एवढे वार झाल्यावर महाराज पानभर बोलतो! पानभर! मी धडधाकट असताना घरात एवढं बोलायला मिळत नाही मला! मित्राचं काम करायचे आमचे डॉक्टर, खरेखुरे, हृदयाचे. एकदा तालमीत मी मेलो, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि हे कानाशी येऊन म्हणतात, 'मरताना तुमची धाप फार खरी वाटते हो. उद्या दवाखान्यात या.'

'अभिनय आहे डॉक्टर!' मी म्हटलं. तर आमची ही घरी म्हणते, 'आणि तिसऱ्या मजल्यावर छाती धरून थांबता, तोही अभिनयच का?' आता लिफ्टवाल्याचं नशीब बघा, जिथे लिफ्ट बंद तिथेच त्याला बोलावणं, म्हणजे जन्मभर जिनेच! धाप लागणारच ना? पण तिने ऐकलं नाही, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, 'रक्तवाहिन्या तुंबल्यात. शस्त्रक्रिया करावी लागेल, लवकर.' मी तारीख पुढे ढकलली. त्यांनी पुन्हा दिली, मी पुन्हा ढकलली. थोरला भाऊ येऊन ओरडून गेला, सासूबाई फोनवर रडल्या. मी आपला हसून, 'मला काही होत नाही हो!' ...आता तुम्ही माझ्याकडे असे का बघताय? महाराजाची गोष्ट वेगळी!

प्रयोगाचा दिवस. सभागृह गच्च. आमची ही पुढच्या रांगेत. नाटक तिला माझ्याआधी पाठ, कारण स्वयंपाक करता करता बाकीच्या सगळ्या भूमिका तीच म्हणायची, मला मारायचीसुद्धा तीच. म्हणजे पुढे काय होणार ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नाही. तर महाराणी पायांशी पडलेली, डॉक्टर हात पुढे करून म्हणतात, 'चला, सभा खोळंबलीय.' मी हात उचलला. आणि समोरच्या अंधारातून आवाज आला...

'अहो, नका ना जाऊ! एकदा तरी ऐका माझं!'

मला वाटलं, झालं, आता हसतील सगळे! पण कुणी हसलं नाही हो! एक माणूस नाही! मागून कुणीतरी म्हातारे म्हणाले, 'थांबा, महाराज...' वरच्या सज्ज्यातून एक बाई म्हणाल्या, 'नका जाऊ.' माहीत आहे सगळ्यांना! जाहिरातीवर प्रेत बघून आत आलीत माणसं, आणि तरी विनवतायत! कोण कुठला तो लिहिणारा, कधीचा मेला असेल, पण प्रत्येकाला हीच आशा लावून गेला. बघा, आत्ता सांगतानासुद्धा काटा आलाय अंगावर. आणि समोर डॉक्टर, कमरेला सुरी लपवलेला मारेकरी, ओठ न हलवता म्हणतात, 'तिचं ऐका.' हे नाटकात नव्हतं हो!

अरे बाबा, सगळे सांगतायत तर ऐक ना! पहिल्यांदाच मला कळलं, हे मी कुणाला म्हणत होतो ते.

पण गेलो. जावंच लागतं, नाहीतर मास्तरांनी खरंच मारलं असतं. वार झाले, पानभर बोललो, मेलो. माझ्या प्रेतावर चादर घालून मित्र भाषण करत होता आणि त्या सगळ्या सभागृहात मला एकच हुंदका ऐकू येत होता, तो कुणाचा ते सांगायला नकोच. मेलेल्या माणसाने रडायची रीत नाही. मी चादरीखाली ढसाढसा रडलो. पडदा पडल्या पडल्या तसाच लाल रंगाने माखलेला उठलो आणि म्हटलं, 'डॉक्टर, तारीख द्या.'

तुम्हाला सांगतो, मी ऐकलं! बायकोचं ऐकलं, भावाचं ऐकलं, सासूबाईंचं ऐकलं! आणि बक्षीस काय? टेबलावर आडवा पडलोय, वर दिवे, भोवती सगळे तोंडं झाकून उभे, हातात सुऱ्या, आणि सगळ्यांत पुढे कोण? जिवलग मित्र! न ऐकणाऱ्यालाही सुऱ्या, ऐकणाऱ्यालाही सुऱ्या! म्हटलं, निदान चार वाक्यं बोलून घ्यावीत, तोंड उघडलं, तर भूल देणारी बाई म्हणाली, 'आकडे मोजा.' 'एक' म्हणेपर्यंत पडदा!

महाराजाला निदान पानभर बोलू दिलं होतं हो!