वरातनाला

नाव मन्हं हिरकण, पण मला सगळे फुई म्हणतात. फुई म्हणजे आत्या हो, एका भाच्याची होते, आता गावाचीच झाले. जन्म इथलाच. नंदुरबारहून नवापूरकडे जाताना नाला लागला ना तुम्हाले, त्याच्या काठचा. वरातनाला म्हणतात त्याले. का, ते काय सांगू, मन्ही मोठीमाय, बापाची आई, तिचं लगनच या नाल्यानं लावलं. वैशाखातली वरात, अन् डोंगरात अवकाळी पडला, नाल्याले हा पूर, नवरदेव तिकडच्या काठावर, नवरी इकडे, मुहूर्त चालला टळून. तिचा बाप म्हने, आंतरपाट कसाले पाहिजे, हाऊ नाला शे ना. मग भटजीनं इकडून ओरडून मंगलाष्टकं म्हटली, दोन्हीकडून तांदूळ पान्यात पडले, अन् हार मात्र पूर उतरल्यावर घातले.

आम्ही पोरी त्याच नाल्यात वाढलो, मी अन् रमती. रमती भिलाटीतली, म्हणजे गावाबाहेरच्या भिल्लांच्या वस्तीतली, मी गावातली. तिनं आमच्या ओट्यावर चढायचं नही, मी तिच्या घरचं खायचं नही, असे कायदे गावात होते, नाल्यात नव्हते. दगडाखालचे खेकडे ती धरायची, नांग्या मी मोडायची, काटक्यांवर भाजून दोघी खायचो. धार आटली की वाळूत हातानं झिरा खोदायचा, त्यात गोड पानी चढायचं, भिलाटी तेच प्यायची, आजही उन्हाळ्यात पिते. अन् आखाजीच्या सणाले तर विचारू नका, पल्याडच्या गावच्या पोरी त्या काठावर, आम्ही या काठावर, एकमेकींना गाण्यातून शिव्या द्यायच्या. मन्हा आवाज सगळ्यात मोठा. माय म्हने, हाई पोर सासरी नांदाव नही.

नांदले ना. पण नवरा लवकर गेला, मी माहेरी आले, पुढे भाऊही गेला. भाच्यानं, सुभाषनं, सांभाळलं. खोटं नही बोलणार, ताटात वाढलं, दवाखाना केला.

मग त्यानं पोल्ट्री टाकली. इकडे पुष्कळ लोक टाकतात, त्याचं काही नही. कोंबड्या मरतात, त्या मरणारच. पण हा मेलेल्या कोंबड्यांच्या गोण्या नाल्यात टाकू लागला. भिलाटीतल्या लेकरांले जुलाब लागले, रमतीच्या नातीले सलाइन लावलं. मी म्हटलं, सुभाष, शेतात खड्डा कर, चुना टाक, पुरून टाक. तो म्हने, फुई, नाला काय तुन्हा बापना शे का? मी म्हटलं, हो, मन्हा बापना शे, तुन्हा बापनाबी शे, अन् रमतीना बापनाबी शे. तो हसला. परत गोणी टाकली.

मग मी अन् रमती उतरलो नाल्यात. फुगलेल्या, माश्या घोंगावणाऱ्या कोंबड्या घमेल्यात भरल्या, भिलाटीतल्या बायाही आल्या, अन् भर दुपारी सुभाषच्या ओट्यावर नेऊन ओतल्या. त्याच्या पोरीले पाहायले सोयरे आलेले, पोहे खात बसलेले. सगळ्यांनी नाकाले रुमाल लावले, सोयरे पोहे टाकून उठून गेले. सुभाष ओरडला, फुई, मन्हं खाईसन मन्हंच नाक कापी ऱ्हायनी तू, आते ह्या घरमा पाय ठेवू नको. मी म्हटलं, घर तुन्हं शे, नाला नही. दोन लुगडी घेतली अन् निघाले.

मागून त्याची पोरगी धावत आली. मले वाटलं, ही रडणार, शिव्याशाप देणार, तिचंच तर मोडलं होतं. तिच्या हातात मन्ही चप्पल. म्हने, फुई, अनवानी कोठे जाई ऱ्हायनी तू? मी चप्पल घातली, अन् तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

सुभाषनं खड्डा खोदला. लाजेनं खोदला का पोरीनं भांडून खोदायला लावला, मले माहीत नही. खोदला, बस.

आता मी रमतीकडे राहते. तिच्या चुलीवरची भाकर खाते, तिच्या अंगणात खाट टाकते. गावात म्हणतात, फुई बाटली. म्हणू द्या. सुभाष रस्त्यात दिसला की मान फिरवतो. मी नही फिरवत. मी आवाज देते, सुभाष, जेवना का रे? तो गाडी जोरात काढतो. जाऊ द्या, मन्हंच लेकरू शे ते. त्याच्या पोरीले चांगलं घर मिळो, देव त्याले नातवंडं देवो, बरकत देवो, अन् खड्डा खोदायला लागेल एवढी लाज त्याच्यापाशी कायम राहू देवो.