खोल्या भरपूर, दारं बंद

तेलकंपनीतली मुलाखत आटोपून नमिता सीबीडीच्या बसथांब्यावर धावत आली. रांगेत तिची आई माझ्या पुढेच उभी होती. आईकडे प्रश्न एकच होता, लेकीकडे उत्तरं मात्र बरीच.

“घेतलं काय गो तुला?”

“सांगते! साहेबांनी आधी विचारलं, जमिनीखाली तेल कशात असतं?”

“विहिरीत.”

“नाही आई, दगडात! दगडाला बारीक भोकं असतात, त्यांत.”

“बरं. घेतलं काय?”

“ऐक ना! मग म्हणाले, पोरॉसिटी आणि पर्मिएबिलिटीत फरक काय? मी म्हटलं, आमच्या सोसायटीत खोल्या भरपूर, ती पोरॉसिटी. पण दारं बंद, कुणी कुणाकडे जात नाही, म्हणजे पर्मिएबिलिटी शून्य. गावात मात्र मागच्या दारानं कालवणाची वाटी घरोघर फिरायची. तेल तसल्या दगडातून वाहतं.”

“सायबाला कालवनाचं सांगितलंस? गेली नोकरी!”

“साहेब खूप हसले. म्हणाले, सोमवारपासून ये.”

“आनि हे आत्ता सांगतेस?”

“आई, बस आली, चढ.”

“जाऊ दे ती बस. आता पयल्यापासून सांग. दगडाला भोकं हायत, मंग?”