दोनशे बारा व्हॉल्व्ह

शर्वरी : बाबा, खेळातले सातच्या सात पॉइंट ऑक्सिजनवर? सातच्या सात?

गजेंद्र : पाच ऑक्सिजनवर. एक सूटच्या अस्तरावर, एक आग विझवायच्या नळकांड्यावर. नीट बघ की. ओरडतेस काय?

शर्वरी : आणि जेटपॅकवर? एकसुद्धा नाही?

गजेंद्र : आधी श्वास, मग उड्या. आमच्या प्लांटवर नवीन पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला काय देतात? हेल्मेट, मास्क, बूट. त्याला कोणी सांगतं का, जा बाबा, धुराड्यावरून उडी मारून दाखव?

शर्वरी : अहो, पण या ग्रहावरून निघायलाच जेटपॅक लागतो! यान दरीच्या पलीकडे पडलंय. दरी उडून पार केल्याशिवाय यानात बसता येत नाही. चार तासांचा ऑक्सिजन पाठीवर बांधून तुम्ही नुसते दारात उभे आहात.

गजेंद्र : सव्वाचार तासांचा.

शर्वरी : आई! इकडे ये गं, बघ यांनी काय करून ठेवलंय.

कौमुदी : उसळीला फोडणी घालतेय मी. तिथूनच सांग.

शर्वरी : चार दिवस खेळतायत आणि अजून पहिल्याच ग्रहावर! मी चाळीस मिनिटांत निघाले होते तिथून.

कौमुदी : त्यात नवल काय? लग्नानंतर माउंट आबूला निघालो होतो, तर गॅसचा नळ बंद केला का ते बघायला हे तीनदा घरी परत आले. बस गेली निघून. डभोईला माझ्या माहेरी जाऊन हनिमून केला आम्ही.

गजेंद्र : नळ उघडा होता.

कौमुदी : पहिल्यांदा होता. तिसऱ्यांदा नव्हता.

शर्वरी : आणि हे खेळाचं यंत्र बुधवारपासून चालूच आहे. हात लावून बघा, तापलंय किती! बंद का नाही केलंत?

गजेंद्र : कसं करणार? तो माझा माणूस एकटा उभा आहे तिथे. रिलीव्हर, बदलीचा माणूस, आल्याशिवाय पोस्ट सोडायची नसते. तेहेतीस वर्षांत मी कधी सोडली नाही.

शर्वरी : बाबा, तो खोटा माणूस आहे.

गजेंद्र : असेल. पोस्ट खरी आहे ना?

शर्वरी : हसू का रडू मी आता? साडेचार वाजलेत. सहा वाजेपर्यंत बंगळुरूला उत्तर द्यायचंय. तुम्हीच म्हणालात ना, ज्या कंपनीत नोकरी करणार त्यांचा खेळ मी आधी स्वतः तपासतो, पहिला ग्रह सुटला की हो की नाही ते सांगतो?

गजेंद्र : म्हणालो. शब्द दिलाय.

शर्वरी : मग? असे पॉइंट खर्च केलेत तर तो ग्रह दिवाळीपर्यंत सुटत नाही. मुद्दाम केलंत का हो?

गजेंद्र : मुद्दाम काय? मला जे पहिलं सुचलं ते घेतलं.

शर्वरी : ऐका. तुम्हाला न विचारता मेल करता येतो मला. तेवीस वर्षांची आहे मी. पण तसं जायचं नाहीये. तुम्ही इथे फुगून बसाल आणि मी तिथे हॉस्टेलवर रडत बसेन. मला तुमचा हो हवाय. खराखुरा, तोंडाने म्हटलेला.

कौमुदी : माझा हो झालाय हं, तो धरून चाल.

शर्वरी : तुझा तर मी सांगायच्या आधीच झाला होता.

गजेंद्र : मी काय म्हणतो, रावपुऱ्यात उदयसिंहरावांच्या छापखान्यात काय वाईट आहे? घरून डबा न्यायचा, संध्याकाळी घरी यायचं. स्कूटरवर वीस मिनिटं.

शर्वरी : कंकोत्र्या, बाबा! जन्मभर लग्नपत्रिकांवर मोर आणि गणपती काढू? फाइन आर्ट्सला चार वर्षं काय त्यासाठी घालवली? इथे मला अख्खे ग्रह काढायला देतायत. या खेळाच्या दुसऱ्या भागातले डोंगर, झाडं, आकाश, सगळं.

गजेंद्र : मोर छान काढतेस तू.

शर्वरी : बाबा!

गजेंद्र : बरं, बरं. नाही बोलत.

शर्वरी : एक सांगा मला. इथे मारायला चारच किडे आहेत. मग तुम्ही सातव्या लेव्हलला पोचलात कसे?

गजेंद्र : किड्यांना मी हात नाही लावला. बिचाऱ्यांनी माझं काय केलंय? मी व्हॉल्व्ह बंद केले.

शर्वरी : कुठले व्हॉल्व्ह?

गजेंद्र : ते पडकं स्टेशन नाही का? जिथे तिथे वाफ गळतेय. किती गलथानपणा! एकेक व्हॉल्व्ह फिरवला की थोडे थोडे गुण मिळतात. मग फिरवत गेलो. ही बघ वही.

शर्वरी : वही? तुम्ही वहीत लिहिलंय? "पूर्व भिंत, खालून तिसरा, गळती बंद, वेळ सकाळी सात दहा." अगं आई, यांनी लॉगबुक ठेवलंय!

कौमुदी : मला विचारू नकोस. माझी किराण्याची वही आहे ती.

शर्वरी : ती वाफ नुसती सजावटीला आहे हो. सगळे जण तिथून पळत पुढे जातात.

गजेंद्र : गळती सजावटीला असते? आणि गळती दिसतेय तिथून माणूस पळत पुढे जातो? हे असलं शिकवतात तुमच्यात?

शर्वरी : किती झाले?

गजेंद्र : दोनशे अकरा. एक उरलाय, तो मोठा लाल, मधल्या खोलीतला.

शर्वरी : तो का सोडला?

गजेंद्र : सोडला नाही, ठेवलाय. शेवटचा व्हॉल्व्ह एकट्याने बंद करायचा नसतो. बघणारा दुसरा माणूस लागतो. म्हटलं तुला वेळ झाला की करू. पण तू आपली चार दिवस घड्याळ दाखवत फिरतेस.

शर्वरी : असं म्हणा की मग! करा चला. मी बघतेय.

गजेंद्र : नुसतं बघतेय नाही. "दोनशे बारा, बघितला" असं म्हणायचं.

शर्वरी : दोनशे बारा, बघितला.

गजेंद्र : हं. फिरवला. गुण मिळाले. आठवी लेव्हल, एक नवा पॉइंट.

शर्वरी : थांबा थांबा थांबा. वाफ गेली की सगळी! ही भिंत... अहो, इथे दार आहे! हे दार मी कधी बघितलंच नाही. नेटवरसुद्धा कोणी दाखवलेलं नाही. आत जा ना, आत जा!

गजेंद्र : आधी बाहेरून डोकावतो.

शर्वरी : बाबा, प्लीज जा हो!

गजेंद्र : गेलो. खुर्ची आहे. टेबल. हा कसला डबा?

शर्वरी : रेडिओ आहे तो. आणि यादीत नवीन अपग्रेड आलंय. वाचते. "दूरसंपर्क. एका खेळाडूने स्टेशनात थांबून साद घालावी. साद मिळत राहील तोवर दुसऱ्या खेळाडूचा ऑक्सिजन संपत नाही आणि तो तिप्पट दूर जाऊ शकतो." बाप रे! म्हणून त्या बाहेरच्या ग्रहांवर मी पोचायच्या आधी दर वेळी मरते.

गजेंद्र : तू मरतेस?

शर्वरी : खेळात हो. नऊदा मेलेय.

गजेंद्र : नऊदा! आणि एकदाही सांगितलं नाहीस.

शर्वरी : ते राहू दे आता. तुमच्याकडे एकच पॉइंट आहे. मुकाट्याने जेटपॅक घ्या, दरी ओलांडा, यानात बसा. सहाच्या आत ग्रह सुटतो आणि मला माझा हो मिळतो. पुढचा पॉइंट मिळाला की घ्या हवा तर रेडिओ.

गजेंद्र : पुढचा मिळायला आता व्हॉल्व्ह कुठे राहिलेत?

शर्वरी : म्हणूनच म्हणते, जेटपॅक. तिसरं चिन्ह, निळं. बाबा? दाबा ना.

गजेंद्र : दत्तूकाका आठवतात तुला?

शर्वरी : आत्ता? आठवतात की. दिवाळीला लीलो चेवडो, तो ओला हिरवा चिवडा, आणायचे ते.

गजेंद्र : मी तुझ्याएवढाच होतो. जुन्या कंपनीत, टाकी साफ करायला आत उतरलो होतो. कमरेला दोर. आत एक माणूस जातो, बाहेर तोंडाशी एक उभा राहतो. बाहेरच्याला दुसरं काही काम नसतं. दर पाच मिनिटांनी हाक मारायची आणि उत्तर ऐकायचं. बाहेर हा दत्तू होता. "गजा, आहेस का?" मी म्हणायचो, "आहे." त्याला लघवीला लागली होती तरी हलला नाही, अजून सांगतो लोकांना. एका हाकेला माझं उत्तर गेलं नाही. आत गॅस होता, मला कळलासुद्धा नव्हता. त्याने दोर ओढला.

शर्वरी : हे तुम्ही कधीच सांगितलं नाहीत.

कौमुदी : मला पण लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं. ते सुद्धा दत्तूभावजींनी.

गजेंद्र : भीती वाटते गं मला. स्पष्ट सांगतो. बंगळुरू वाईट आहे म्हणून नाही, नोकरी वाईट आहे म्हणून नाही. तू आत जाशील आणि बाहेर कोणी नसेल. चार दिवस त्या स्टेशनात हेच डोक्यात चाललं होतं. म्हणून सगळे पॉइंट ऑक्सिजनवर गेले बघ. पण मी घेऊन काय उपयोग? जाणार तू.

शर्वरी : बाबा...

गजेंद्र : हे चौथं चिन्ह ना, रेडिओचं? दाबलं.

शर्वरी : अहो! हे काय केलंत? आता तुम्हाला कधीच जेटपॅक मिळणार नाही! कायमचे अडकलात तिथे! नाही म्हणायचं होतं तर सरळ म्हणायचं ना, मी...

गजेंद्र : नाही कुठे म्हणालो? रडतेस काय वेडे? माझी जागा सापडली मला. खुर्चीसकट. जा, मेल कर.

शर्वरी : पण ग्रह सुटला नाही तुमचा. शब्द दिला होता तुम्ही.

गजेंद्र : मीच सोडायचा असं कुठे ठरलं होतं? घरातल्या एकाने सोडला म्हणजे झालं. आणि तोंडाने हवा होता ना? हो. जा. तिथे पोचल्यावर गळती दिसली की पळून पुढे जायचं नाही, एवढंच.

कौमुदी : अगं, बघत काय राहिलीस? मेल कर आधी, मिठ्या नंतर मारा. पाच वाजून गेले.

शर्वरी : केला. गेला! आई, गेला!

कौमुदी : सारू, छान झालं. आता शेव-उसळ खाऊन घ्या दोघं, पाव गरम आहेत.

शर्वरी : दोन मिनिटं, आई. आधी हे चालतं का बघू. मी माझ्या लॅपटॉपवरून यान काढते, बाबा तुम्ही इथून साद घाला. हेडफोन लावा. उलटा नाही हो, माईक पुढे.

(शर्वरी लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत जाते. तिचं पुढचं बोलणं हेडफोनमधून.)

गजेंद्र : शर्वरी, आहेस का?

शर्वरी : आहे. दरी ओलांडली. यानात बसले.

गजेंद्र : पट्टा लाव.

शर्वरी : या खेळात पट्टा नाहीये, बाबा.

गजेंद्र : दुसऱ्या भागात घाला मग. लिहून ठेव, पहिल्या दिवशी साहेबांना सांग.

शर्वरी : हो, हो. निघाले बघा. सुटला ग्रह! किती सुंदर दिसतंय वरून... तुमचं स्टेशन दिसतंय. बारीक दिवा लागलाय त्यावर.

गजेंद्र : तो मीच लावला. आहेस ना?

शर्वरी : आहे हो. आत्ता तर विचारलंत! पाच मिनिटांनी विचारायचं असतं ना?

गजेंद्र : नवीन माणसाला लवकर लवकर विचारतात.

कौमुदी : अहो, उसळ गार होतेय.

गजेंद्र : कसा येऊ? पोस्ट आहे.

कौमुदी : आणि तिकडे ही महिनोन् महिने राहिली तर तुम्ही जेवणारच नाही का? सरका जरा. सरका म्हणते ना! डोक्यावरचं ते द्या इकडे.

गजेंद्र : तुला जमणार नाही गं. तू तर याला पोरखेळ म्हणत होतीस.

कौमुदी : दहावीची पोरं सांभाळते मी शाळेत, एक बटण नाही सांभाळता येणार? कुठलं दाबायचं?

गजेंद्र : हे. दाबून ठेवायचं आणि विचारायचं. उत्तर आलं की सोडायचं. आणि वहीत वेळ लिहायची.

कौमुदी : पाच वाजून वीस. लिहिलं. जा, हात धुवा.

गजेंद्र : चार्ज दिला.

कौमुदी : घेतला. शर्वरी, आहेस का गं?

शर्वरी : आई? तू? ...आहे, आई. आहे मी.