भांड्यांवर घेतलेले गळ

वहिनी, सन्मती, जमलेली सगळी मंडळी, आणि मागं दाराशी अवघडून उभे असलेले आमचे नदीवरचे सोबती. अहो, पुढं खुर्च्या रिकाम्या आहेत. आज तरी पुढं या. तुमच्या अंगाला वास येतो म्हणून कुणी उठून जाणार नाही. आज उठून जाता येत नाही.

मी पंचवीस वर्षं वर्गात बोलतोय. मुलं ऐकत नाहीत, तरी बोलतो. शिवाय वर्तमानपत्रात लोकांवर तिरकं लिहितो. तेही कुणी ऐकत नाही. म्हणजे बोलायची मला भीती नाही. पण आज काय बोलावं ते खरंच कळत नाहीये. दुःख आहे म्हणून कळत नाही, असं नाही. दुःख तर आहेच. माझा गोंधळ झालाय.

माझ्याआधी पाच जण बोलले. त्यातले तिघं म्हणाले, अण्णांच्या जाण्यानं भरून न येणारा खड्डा पडला. भूपालअण्णांचं भांड्यांचं दुकान होतं, मंडळी. पोचा आलेलं पातेलं ते आतून लाकडी ठोकणीनं हळूहळू सरळ करून द्यायचे. भरून न येणारं काही असतं, हे त्यांना पटलं नसतं. ते म्हणाले असते, "ठेवून जावा. बुधवारी या."

आता मुद्द्याचं. काल सन्मतीनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "काका, तेवढं एक सांगा लोकांना. बाबा मासे मारत नव्हते."

त्याला हे सांगावं का लागलं, ते तुम्हाला ठाऊक आहे. अण्णा गेले, पाहुणे आले, गाद्या कमी पडल्या. गाद्या काढायला कुणीतरी दुकानाच्या पोटमाळ्यावर चढलं. तिथं गाद्यांच्या मागं तेवीस गळकाठ्या उभ्या होत्या. रिळं होती, तंगुसाच्या दोरीची बंडलं होती, गळ होते. दिवस मावळायच्या आत जेवणारा माणूस. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. चातुर्मासात हिरवी भाजीसुद्धा नाही. आणि त्याच्या माळ्यावर तेवीस गळकाठ्या. गाद्या खाली आल्या आणि त्यांच्याबरोबर कुजबूजही खाली आली. परवा कुणीतरी वहिनींना विचारलंसुद्धा म्हणे, की अण्णा बाहेर कुठं काही खात होते का. दहा दिवसही झाले नव्हते हो.

तर मी सांगतो. मी साक्षीदार आहे. बारा वर्षं दर रविवारी अण्णा माझ्या शेजारी नदीकाठी बसले. बारा वर्षांत त्यांनी एकदाही गळ पाण्यात टाकला नाही. मासा खाल्ला नाही. शिवला नाही. माझ्या पिशवीकडं पाठ करून बसायचे. साडेपाच वाजले की धोतर झटकून उठायचे, जेवायला घरी. झालं. सन्मती, सांगितलं.

पण मग तुम्ही विचाराल, हा माणूस नदीवर करत काय होता? काठ्या कशाला जमवत होता? इथंच माझी पंचाईत आहे. चार दिवसांपूर्वी विचारलं असतं तर मी ठणकावून उत्तर दिलं असतं. आज मला माहीत नाही.

आमची ओळख रहिमतपूरच्या बाजारात झाली. एका निवृत्त फौजीच्या घरचं सामान विकायला मांडलं होतं. ट्रंक, बूट, स्टोव्ह, आणि त्यात एक गळकाठी. चांगली, दोन तुकड्यांत उघडणारी, पितळी रिळाची. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. मास्तर माणूस, हावरेपणा दिसू नये म्हणून बूट बघत होतो. तेवढ्यात हे पांढऱ्या टोपीतले गृहस्थ आले, फौजीच्या बायकोसमोर उकिडवे बसले आणि पिशवीतून स्टीलचे दोन डबे काढले. झाकण लावलं, उलटा केला, हलवला. म्हणाले, "पाणी भरून ठेवा बाई, थेंब गळायचा न्हाई." बाईंनी डबे घेतले. ह्यांनी काठी घेतली. बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देते, हे मी पाहिलं होतं. गळावर भांडी देणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

माझा चेहरा पडलेला दिसला असणार. माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमाला पायजे व्हती व्हय? रविवारी दुकानात या. जरा दुरुस्त करून देतो."

दिली. फुकट दिली. दोरी ओवायच्या कड्या नव्या बसवलेल्या, मूठ सुतळीनं बांधलेली, रीळ रॉकेलनं धुतलेलं. आणि बरोबर कागदाच्या पुडीत सहा गळ.

मला वाटलं, काय माणूस आहे!

तेव्हापासून माझं सगळं सामान अण्णांकडून. माझं एकट्याचं नाही. मागं उभे आहेत त्यांतल्या निम्म्यांचं. वाईच्या घाटावर पर्यटकानं टाकलेली मोडकी काठी, इस्लामपूरच्या भंगारातलं गंजलेलं रीळ, कुणा मेलेल्या काकांची गळांची पेटी. अण्णांना वास यायचा. महापूर ओसरला तेव्हा गल्लीत कंबरेइतका चिखल होता. अण्णांचं स्वतःचं दुकान चिखलात होतं. लोक कागदपत्रं शोधत होते, दागिने शोधत होते. आणि हे कुणाच्या तरी उकिरड्यावरून एक रीळ उचलून बंडीला पुसत होते. मी म्हटलं, अण्णा, आधी पातेली काढा. तर म्हणाले, "पातेलं बुडून बसतंय एका जाग्याला. हे कुणीबी उचलून न्हेलं असतं."

तेव्हा मला हे वाक्य हौशी माणसाचं वाटलं. आता कसं वाटतं, सांगतो पुढं.

रविवारी नदीवर मी गळ टाकायचो आणि अण्णा बोलायचे. मासेमारीत पहिला नियम कुठला? गप्प बसणं. अण्णा अखंड बोलायचे. हळदीचा भाव, जावयाचा स्वभाव, कुकरच्या शिट्टीत पूर्वीचा दम राहिला नाही. मी म्हणायचो, अण्णा, जरा शांत. ते दोन मिनिटं शांत बसायचे. मग काठी वाकायची. मी रीळ गुंडाळायला लागायचो. मासा पाण्यावर यायचा, पाठ दिसायची, चांगला चारपाच किलोचा कटला. मी जरा ढील दिली, की गेला. दोरी हलकी.

अण्णा विचारायचे, "गेला का?"

दर वेळी तेच दोन शब्द. मी म्हणायचो, गेला. ते म्हणायचे, "जुना माल हाय मास्तर. थोडं घसरायचंच." आणि पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून मला द्यायचे. सांत्वन म्हणून. असं मला वाटायचं.

मंडळी, बारा वर्षांत मी एकही मोठा मासा काठावर आणलेला नाही. बारकी चिलापी, बस्स. मी कशाकशाला दोष दिला! पाण्याला दिला. कारखान्यांच्या मळीला दिला, त्यावर दोन लेख लिहिले. माझ्या मनगटाला दिला. बायको म्हणाली, तुमच्या पत्रिकेतच नाही. मी पत्रिकाही दाखवून आलो. हसू नका. मी रोज दुसऱ्यांना हसतो आणि मासा मिळेना म्हणून पत्रिका दाखवून आलोय.

एकदा ठरवलं, पुण्याहून कोरं करकरीत सामान आणायचं. अण्णांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "मी हाय की मास्तर. नवं कशाला?" पुढच्या रविवारी आले ते दोन काठ्या आणि पंचवीस गळ घेऊनच. मी पुण्याला गेलो नाही. मला वाटलं, माझे पैसे वाचावेत म्हणून धडपडतायत.

आता चार दिवसांपूर्वीचं. सन्मतीनं बोलावलं. म्हणाला, काका, या सामानाचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. आम्ही माळ्यावर चढलो. कोपऱ्यात एक पाट होता. पाटावर छोटी लोखंडी पकड, बारीक कानस, आणि अण्णांचं भिंग. शेजारी मिसळणाचा डबा. आपल्या स्वयंपाकघरात असतो तोच, सात वाट्यांचा. जिरं-मोहरीच्या जागी गळ होते. मधल्या वाटीत एक प्रकारचे, कडेच्या सहा वाट्यांत दुसऱ्या.

ज्यांनी गळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गळाच्या टोकाला आतल्या अंगानं एक बारीक उलटा काटा असतो. मासा अडकल्यावर तो काटा त्याला सुटू देत नाही. सगळी मेख त्या एवढ्याशा काट्यात असते. मधल्या वाटीतल्या गळांना तो काटा होता. कडेच्या सहा वाट्यांत एकाही गळाला नव्हता. कानशीनं घासून, गुळगुळीत करून, वर तेलाचं बोट फिरवलेलं.

मी तिथंच बसलो. खिशातून माझी पुडी काढली, भिंग लावलं. एकेक गळ पाहिला. एकालाही काटा नाही. महापुरात "कुणीबी उचलून न्हेलं असतं" म्हणाले होते, त्यातली खरी धास्ती मला तेव्हा कळली: दुसऱ्या कुणी नेलं असतं, तर ते मासे धरायला लागलं असतं.

रज्जाकभाई, तिथं मागं दाराशी तुम्ही खिशात हात घातलात, मला दिसलं. बघा, बघा. तुमचाही घासलेला असणार.

तर मंडळी, माझा गोंधळ हा आहे. मी या माणसाला मित्र म्हणू का नको? बारा वर्षं त्यानं मला फसवलं, आणि वर लाडू खायला घातला. मासे वाचवायचे होते तर सगळं सामान वितळवून का नाही टाकलं? काठी इतकी निगुतीनं का बांधली? मुठीला सुतळी गुंडाळताना माझा हात घसरू नये म्हणून जपणारा माणूस, मासा घसरावा म्हणून कानस चालवत होता. एकाच पाटावर बसून. हे पुण्याचं काम होतं, की खोडी होती, की दोन्ही? मला विचारलं असतं, सांगितलं असतं, तर मी सोडली असती का मासेमारी? नसती सोडली. हेही त्यांना ठाऊक असणार.

मी माळ्यावरून उतरलो तेव्हा वहिनी जिन्यापाशी उभ्या होत्या. वहिनी, सांगू ना? सांगतो. त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमाला एक तरी मोठा मासा घावला का वो?"

मी म्हटलं, नाही.

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडतायत. त्या हसत होत्या. म्हणाल्या, "मग ह्यांचं बरं चाललं हुतं म्हणायचं."

ज्यांना वहिनींना आणखी काही विचारायचं असेल, त्यांनी हे उत्तर घरी घेऊन जावं.

मी इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. भाषण गोल झालं असतं, तुम्ही डोळे पुसले असते. पण सन्मतीनं माझ्या हातात ही डबी दिली. पाटाखाली होती. स्टीलची, सुपारीची असते तेवढी. भांड्यावर नाव घालायची ती मशीन असते ना, त्या मशीननं अण्णांनी स्वतःच्या हातानं झाकणावर कोरलंय: मास्तर यांस सप्रेम भेट. अक्षरं थोडी थरथरली आहेत. दिवाळीपासून त्यांचा हात कापत होता, असं वहिनी म्हणतात.

डबीत एक गळ आहे. मोठा, नवाकोरा, जुना माल नव्हे. मी भिंगानं पाहिला. चारदा पाहिला. त्याला काटा आहे.

आता याचा अर्थ तुम्ही सांगा. हात कापायला लागला म्हणून घासायचा राहिला? की शेवटी माझी दया आली, आणि म्हणाले, घे बाबा, एक तरी आण काठावर? की मला माळा सापडेल, सगळं कळेल, हे ओळखून मुद्दाम तसाच ठेवला? चार रात्री झोप नाही. ज्याला विचारायचं तो या फोटोत हार घालून बसलाय आणि आयुष्यात पहिल्यांदा गप्प आहे.

सन्मतीला मी सांगितलंय. काठ्या मागच्या मंडळींना वाटून टाक. कडेच्या सहा वाट्यांतले गळही दे. काटा नाही हे कळूनही घेतील त्यांनी घ्यावेत. मधली वाटी मात्र मी मागून घेतली. आणि कानस. दोन्ही माझ्या पिशवीत आहेत, आणि ही डबी.

रविवारी मी नदीवर जाणार आहे. शेजारची जागा रिकामी असेल. आधी कानस काढीन की आधी गळ टाकीन, ते आज इथं उभं राहून सांगता येत नाही. खरंच येत नाही.

आता आपण उभे राहू आणि दोन मिनिटं शांत राहू. बारा वर्षं मी अण्णांकडं एवढंच मागत होतो, की दोन मिनिटं शांत बसा. आज ती मिळाली आहेत. मला ती नकोत, पण उभे राहा.

अण्णा, गेला का?