फाटकाची किल्ली कोणापाशी

—नाही, किल्ली लगेच नाही भेटणार. आधी बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय हालते, पडशीन अन् मंग गल्लीभर सांगशीन का मी पाडलं. दिवाणावर बस, पंख्याखाली. नवतप्याची दुपार, साऱ्या वर्षातलं कडक ऊन, अन् तू बिनचपलेची आली, तळपाय भाजले असतीन — बरं झालं. पाणी घे. पाण्याले वैर नसते, वैर माणसाले असते. अन् असे डोळे मोठे करून नको पाहू, तू दारात उभी राहिली तेव्हाच मले सगळं समजलं. पापड वाळू घालाले बाहेर आली, वाऱ्यानं दार ढकललं, अन् तुझ्या गुड्डूनं, आपलं बोलणं होतं तेव्हा, मोठ्या हौसेनं बसवलेलं ते आपोआप लागणारं कुलूप लागून गेलं. फोन अंदर. गुड्डू पोलादाच्या प्लांटमध्ये ड्युटीवर, सून माहेरी. अन् साऱ्या वैशाली नगरात तुझ्या घराची दुसरी किल्ली एकाच बाईपाशी, जिच्याशी तू बोलत नाही — चुकली, जी तुझ्याशी बोलत नाही. फरक आहे त्याच्यात.

तुले हाक मारायचीच पंचाईत झाली आहे, पाहा. जगन्नाथाचा भात आपण एकमेकीच्या हातून खाल्ला, नारळ बदलले, मितान झालो, जन्माच्या मैत्रिणी — त्या दिवसापासून तुझं नाव माझ्या जिभेले बंद अन् माझं तुझ्या. महापरसाद म्हणायचं, बस. तुमच्या छत्तीसगडचा रिवाज, मी नागपूरकडची, पण मी तुझ्यापेक्षा जास्त पाळला. आता नाव घेता येत नाही, अन् महापरसाद मी म्हणणार नाही, ते तू गमावलं. मंग उरलं काय? ‘ओ’. ओ, पाणी पी. अन् मी मराठीच बोलीन, तुले समजते, माझ्या ओट्यावर बसून वांग्याचं भरीत खाताना बरोबर समजत होती.

टीव्हीकडं पाहून राहिली ना? पाहा. तोच आहे तो, सिंडर रोड — तुझ्या भाषेत ‘बंदूकवाला खेल’. पाचवा भाग येऊन राहिला दिवाळीत. किती वर्षं वाट पाहिली मी त्याची, लोक पोराच्या लग्नाची पाहत नाहीत इतकी. आज त्याचा नवा ट्रेलर आला, सकाळपासून थांबवून थांबवून पाहून राहिली. दुनिया जळून गेली आहे, वाचले ते लोक राखेत वस्ती बांधतात, पाणी शोधतात, अन् आपण ठरवायचं — कोणाले फाटकाच्या अंदर घ्यायचं अन् कोणाले बाहेर ठेवायचं. लोकाले वाटते म्हातारी ठो-ठो करते. अवो, ठो-ठो कोणीही करन, पोट्टेही करतात. माणूस ओळखणं हा खेळ आहे तो.

धर्मेंद्र रायपूरले गेला तेव्हा ते टीव्हीले लावायचं खेळाचं जुनं मशीन इथं टाकून गेला. म्हटला, आई, हे आता जुनं झालं. जुनं झालं ते इथं ठेवून जायची त्याची पद्धतच आहे, मीही इथंच आहे. म्हटलं, पाहू तं लावून. चौथी पास बाई मी. पण पडद्यावर एक माणूस मरून राहिला अन् मरता मरता काहीतरी म्हणून राहिला, तं काय म्हणते ते समजायले नको का? डिक्शनरी आणली, एकेक शब्द पाहिला. ‘मर्सी’ म्हणजे दया. ‘बिट्रेयल’ म्हणजे दगा. शाळेतल्या बाईनं मले हे शिकवलं नसतं, तिले ‘बॉल’ अन् ‘कॅट’च्या पुढं येत नव्हतं.

मधात बोलू नको. आज मी बोलून राहिली. इतकी वर्षं मी गप्प राहिली, तू उलिशी गप्प बस.

चौथ्या भागात एक बाई भेटते, विहिरीपाशी, एकटी. तिले नाव नसते. आपल्यालेच ठेवावं लागते. तिच्यासंग एका ताटात जेवलं का ती आपल्या संगं चालते, आपल्यासाठी लढते. आता एका ताटात जेवणं म्हणजे काय, ते मी दुसऱ्याले कावून विचारू? मले माहीत आहे. मितान. तिचं नाव मी तुझंच ठेवलं — जिभेले बंदी आहे, बोटाले नाही, एकेक अक्षर इंग्रजीत टाइप केलं. मंग पुढं खेळ विचारते, फाटकाची किल्ली कोणापाशी ठेवायची? इंटरनेटवर दुनियाभरचे पोट्टे बोंबलून राहिले होते, कोणालेही देऊ नका, स्वतःपाशी ठेवा. मी म्हटलं, यांले काय माहीत मितान कशाले म्हणतात. दिली तिले. अन् मी पाणी आणाले गेली तं तिनं फाटक उघडून दिलं लुटारूले. सारी वस्ती जळाली. बकऱ्या, विहीर, मी लावलेले टमाटे, सगळे.

आठवते तुले? दुसऱ्या दिवशी मी तुले नळावर सांगितलं. तू पोट धरून हसली, मंग कपाळावर हात मारला अन् म्हणाली, मोर जीव चल दिही, फेर तोर कपाट नइ खोलंव. जीव गेला तरी तुझं दार उघडणार नाही. पाण्याचा गुंड भरत भरत म्हणाली. मी विसरलेली नाही. गुंड पितळेचा होता, तेही विसरलेली नाही.

अन् मंग मी नागपूरले गेली, डोळ्याच्या ऑपरेशनले. माझ्या घराची किल्ली तुझ्यापाशी, तुझी माझ्यापाशी, तसंच होतं ना आपलं? आली तं डोळ्यावर हिरवी पट्टी, हातानं चाचपत टीव्हीपाशी गेली, अन् हात रिकाम्या फळीवर पडला. धुळीत चौकोन राहिला होता फक्त. धर्मेंद्र अन् त्याची बायको मोना आले, तुझ्या दारात उभे राहिले, म्हणाले, काकी, आईचे डोळे जातीन, लोक हसतात, आजी बंदूक चालवते — अन् तू किल्ली काढून दिली. मशीन गेलं सुपेल्याच्या बाजारातल्या कबाड्याकडं. जुन्या लोखंडासंग. मी तुले विचारलं, कावून दिली? तं तू काय म्हटलं — धर्मेंद्र तो घर के लइका आय. घरचा पोरगा आहे.

हो ना. घरचा पोरगा आहे. त्याच्यापाशी माझ्या घराची किल्ली कावून नव्हती मंग? कारण मी दिली नव्हती. पोटच्या पोराले नाही दिली, तुले दिली. समजते का तुले, याचा अर्थ काय होते? तुले तेव्हाही नाही समजलं. माझं भलं पाहिलं म्हणे. त्या खेळातली बाईही तेच म्हणते, जळत्या फाटकापाशी उभी राहून — मी तुमच्या भल्यासाठी उघडलं.

नाही, रडू नको. रडून काही होत नाही. मी तुझ्यावर सूड घेतला नाही असं समजू नको, घेतला. गुड्डूच्या लग्नात आली, आहेर केला, तुझ्या समोरच्या पंगतीत बसली, सारं वाढून घेतलं अन् एक घास न खाता उठली. पाहिलं ना तू? पाहावं म्हणूनच समोर बसली. संक्रांतीले सगळ्या गल्लीले तिळगूळ दिला, तुझ्या फाटकावरून पुढं गेली, अन् बांगड्या वाजवत गेली, समजावं म्हणून. पण हे सारं फुटकळ होतं. त्यानं पोट नाही भरलं माझं.

हं, हा वास? मलेही आला. काही नाही, प्लांटच्या कोक ओव्हनचा आहे, कोळसा भाजतात तिथला. वारा तिकडून सुटला का येतेच. ह्यांनी सारी नोकरी कोक ओव्हनमध्ये काढली, कपडे मीच धुतले, मले नको सांगू वास कशाचा आहे. बस खाली. सारखी उठून कावून राहिली?

मंग ऐक पुढं. मी साड्यांचे फॉल-पिको करून करून खेळाचं नवं मशीन घेतलं. माझं. धर्मेंद्र आता त्याले हात लावून दाखवो. अन् चौथा भाग पहिल्यापासून पुन्हा खेळली. पुन्हा विहिरीपाशी ती बाई भेटली, पुन्हा तिले तेच नाव ठेवलं. लोक म्हणतीन, जळलेल्या हातानं पुन्हा तवा धरला. नाही. या वेळी मी तिले ओळखून होती. जेवू घातलं, संग फिरवलं, अन् ज्या रात्री लुटारू यायचे त्या रात्री तिले लाकडं आणाले बाहेर पाठवलं अन् फाटक आतून लावलं. किल्ली माझ्यापाशी. ती आली, ठोकत राहिली. शेवटी खेळ विचारते — गोळी घालायची का जाऊ द्यायचं? मी नाही घातली. दया नाही, ओ. दया समजू नको. मारलं का संपलं सारं. मले ती पाहिजे होती, जिवंत, पाचव्यासाठी. कारण पाचव्यात जुनं सगळं चालत येते — ज्याले सोडलं तो येते, ज्याले मारलं तो नाही येत.

अन् आज पाहिलं ट्रेलरमध्ये. हे पाहा, इथं थांबवते. फाटकापुढं पाठमोरी बाई. पदरासारखं काहीतरी डोक्यावर घेतलं आहे. बाकीच्याले ती कोणीही असन, माझ्यासाठी ती तीच आहे. दिवाळीले मी अंदर असीन, ती बाहेर. पाणी मागन. मी भिंतीवर उभी राहून, तिच्या डोळ्यासमोर टमाट्याले पाणी घालीन. रोज येऊ देईन, रोज परत पाठवीन. उन्हात उभी ठेवीन — हो, अशीच, जशी तू आज उभी होती. मी मुद्दामच कडी उशिरा काढली. जाळीतून पाहून राहिली होती मी तुले. एक पाय उचलून दुसऱ्यावर ठेवून राहिली होती, बगळ्यासारखी.

सारी वस्ती तयार आहे माझी. भिंत जाड केली, पहाऱ्याचं मचाण केलं, दोन विहिरी. लोक खोल्या दाटीवाटीनं बांधतात, मी नाही. विहिरीजवळची खोली तं मी पश्चिमेले भिंत उंच घेऊन बांधली, दुपारची सावली पडावी म्हणून, खाट जमिनीले लागून ठेवली, कारण तुले उंच खाटेवर झोप — तिले. तिले झोप लागत नाही.

काय पाहून राहिली?

रिकामी आहे ती खोली. रिकामीच राहणार आहे. बाहेरून दिसते म्हणून बांधली, तिले दिसावी अन् जीव जळावा तिचा. दुसरं काही नाही त्यात. अन् ज्वारीचं पोतं कोणाच्याही खोलीत ठेवता येते, तसं तिथं ठेवलं आहे. रोज संध्याकाळी मी तिथं जाऊन बसते ते पहाऱ्यासाठी. कोणी बसाले नसलं का माणूस कुठंतरी बसतेच.

पुन्हा उठली तू. हात कावून जोडून राहिली? मी सांगितलं ना, किल्ली मी — काय? मोठ्यानं बोल, पंख्याचा आवाज आहे. गॅसवर काय आहे?

चण्याची डाळ. कधीची? पापड घालाले बाहेर आली तेव्हाची? अन् तेव्हापासून तू इथं बसून — मंग हा वास कोक ओव्हनचा नाही — अवो महापरसाद, तोंडाले कुलूप लागलं होतं का तुझ्या? मी मधात बोलू नको म्हटलं तं तू खरंच बोलली नाही? घर जळून गेलं असतं तरी बसून ऐकलं असतं का? मी शिव्या देऊन राहिली अन् ही बाई ऐकून राहिली. उठ. देवघरात, अन्नपूर्णेच्या मूर्तीमागं, लाल दोऱ्यात. तीच. हो, तेल लावलेलं आहे, दर अमावस्येले लावते, गंजू नये म्हणून, त्यात पाहण्यासारखं काय आहे. गंजली असती तं आज काय कपाळ फोडून दार उघडलं असतं? माझी चप्पल घाल. नाकाले पदर लाव, आधी गॅस बंद कर, मंग खिडक्या. पातेल्याले हात नको लावू, फडकं घे.

अन् ऐक, हो, निघाली ती हाक माझ्या तोंडातून. निघाली तं निघाली. पुन्हा नाही म्हणणार.

दार उघडलं का ती किल्ली वापस आण अन् जिथून काढली तिथंच ठेव, दोऱ्यासकट. तुझी किल्ली माझ्यापाशी राहीन. माझी तुले भेटणार नाही, या जन्मात नाही.

आता उभी काय राहिली. जा.