फोन फ्रीजच्या मागे धर

हॅलो? … आई, हॅलो? … हां, येतोय आवाज. थांब, हेडफोन लावतो. फोनची वायर मिक्सरला जोडलीय ना… अगं वाटणाचा मिक्सर नव्हे. आवाजाचा. ती बटणांची पेटी, जिच्यावर तू इस्त्रीचे कपडे ठेवले होतेस.

बोल ना मोकळेपणाने. लोक पडद्यापलीकडे बसलेत, बाहेर काही जात नाही. बटण खाली केलंय मी.

बरं, ऐक. आता सुरूच होईल. ठरल्याप्रमाणे तू फोन फ्रीजच्या मागे धरायचास, त्या जाळीजवळ, आणि मी सांगेपर्यंत बोलायचं नाही… हो, तेवढंच… हात दुखला तर स्टुलावर ठेव.

गर्दी? आहे की… बरीच म्हणजे… दहा-बारा. त्यात एक बाई खाली सायकल दुरुस्तीला टाकून वर आल्यात, बसायला खुर्ची मिळाली म्हणून. आमच्यात याला हाउसफुल म्हणतात.

नाही, गाणं नाही. शब्द नाहीत, ताल नाही. एकच लांब सूर, घरघर चालू राहते. त्यालाच ड्रोन म्हणतात, किती वेळा सांगितलं… लोक डोळे मिटून ऐकतात… झोपत नाहीत गं… बरं, एखादा झोपतो.

चल, धर फोन फ्रीजमागे.

… काय म्हणालीस?

नाहीये म्हणजे? … आज दुपारी? … बंदच पडला? … आणि ताईने लगेच नवीन पाठवला. आणि जुना ते लोक घेऊन गेलेसुद्धा… नाही, ताईवर नाही चिडत. चांगलंच केलं तिने. दूध नासलं असतं.

नवीन आवाज करतो का? … अजिबात नाही? … मागे कान लावून बघ… "शांत आहे बिचारा" काय म्हणतेस, बिचारा मी आहे.

अगं, पोस्टरवर "स्वयंपाकघरातून थेट" असं छापलंय. दाढीवाल्याने हाताने छापलंय, एकेक. आमच्या कंपनीचा मालक गं तो… कंपनी म्हणजे त्याचं गॅरेजच, पण आपल्या फ्रीजची कॅसेट त्यानेच काढली ना. आणि ती विकलीही गेली… माझ्या मित्रांनीच घेतली, ठीक आहे, पण विकली गेली.

कॅसेटच लावू? छे. वाजतोय तो फ्रीज की पंखा, हे यांना कळणार नाही, पण थेट नाहीये हे लगेच कळेल. तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आधीच कुठे मोठी आहे म्हणा.

हॅलो? … आई? … रडतेस का? … अगं, फ्रीजसाठी कोण रडतं. म्हणजे मी रडेन, तू कशाला…

काय सांगायचंय? … मेकॅनिकचं काय? … तो कधी आला होता? … म्हणजे तेव्हाच त्याने सांगितलं होतं, एक रबर झिजलंय, बदललं की आवाज बंद. मग? … तू नको म्हणालीस.

का?

… का गं, आई?

… हो, येतो की मी दर रविवारी… हो, माइक घेऊन… हो, फ्रीजशेजारी बसून… हो, तू काही बोलायला लागलीस की श्श करतो. करतो खरा…

म्हणजे तुला वाटलं, आवाज बंद झाला की मी यायचा नाही.

… नाही, बोल, ऐकतोय मी… त्या आवाजाने झोप लागेना, म्हणून खाट बाहेरच्या खोलीत नेलीस? मला म्हणालीस गुडघ्यांमुळे… गुडघ्यांचा आणि खाटेचा काय संबंध, हे मी विचारलंही नाही. कमाल आहे माझी. आणि मी सगळ्यांना सांगत फिरलो, आमच्या आईला ड्रोन कळतो. फ्रीजच्या घरघरीची ती कधी तक्रार करत नाही.

… कुठला नळ? … ठिबकतोय. बरं… आणि न्हाणीघराचं दार कुरकुरतंय, त्याला तू तेल घालणार नाहीस… आई, बास. बास आता. नळ दुरुस्त करून घे. दाराला तेल घाल. मी येतो. माइक नाही आणत… अगं येतो म्हटलं ना.

एक मिनिट. दाढीवाला पडद्यातून डोकावतोय… काय रे? … काही कळत नाही. अंगठा वर करून छान म्हणतोय. डोळे पुसतोय. थांब हं, जरा बटणं बघतो.

अरे देवा.

आई… मी माझ्या माइकचं बटण खाली केलंय. तुझं राहिलं… म्हणजे तू बोललीस ते सगळं बाहेर गेलं. खाट, नळ, दार, सगळं… माझं नाही, फक्त तुझं… हो, रडलेलंही.

थांब, बघतो काय करतायत… गुपचूप बसलेत, डोळे मिटून. सायकलवाल्या बाई तेवढ्या पर्समध्ये रुमाल शोधतायत. यांना वाटतंय, हाच कार्यक्रम.

दाढीवाला म्हणतोय, थांबू नको, रेकॉर्ड होतंय. पुढची कॅसेट हीच काढू म्हणतोय… नाही. तू हो म्हणू नकोस. तू माझ्यासाठी कशालाही हो म्हणतेस, दोन वर्षं त्या घरघरीत काढलीस… मला नकोय ती कॅसेट. खरंच नकोय.

तुला अजून काही बोलायचंय? … मग एक सेकंद थांब. वायर काढतो… करेल तो दाढीवाला काहीतरी. खुर्च्या सरकवू दे, तेही चालतं यांना.

हां. काढली. फोन कानाला लावलाय. आता फक्त मलाच ऐकू येतंय.

… नाही गं, श्श नाही करत. बोल.